चिंचोक्यांचा रुमाल

बाईंच्या शाळेत एक प्रश्न विचारायला बंदी होती. 'समझ में आया?' एखाद्या नव्या शिक्षिकेने तो चुकून विचारलाच, तर बाई जिथे असतील तिथून टाळी वाजवायच्या. व्हरांड्यातून, जिन्यावरून, एकदा तर गच्चीवर ओल्या सतरंज्या वाळत घालता घालता. एकच टाळी, कोरडी. मुलं खुदकन हसायची आणि शिकवणारीच्या लक्षात यायचं, की आपण हद्दीबाहेर गेलो.

"समजलं का विचारलं की पोरगं हो म्हणतं," बाई सांगायच्या. "तो हो आपल्या खुशीसाठी असतो. त्याच्या डोक्यात काय आहे याचा त्या 'हो'शी काही संबंध नाही."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी व्हरांडा पुसत होते आणि मला घाम फुटला होता. कारण मी सातवीपर्यंत हो म्हणतच गेले होते.

लोकांना मी सांगते, की आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती, पुढची शाळा लांब, मधे ओढा. ते खरंच आहे. पण त्या ओढ्यापलीकडे माझ्या दोन मैत्रिणी रोज जात होत्या. मी गेले नाही. अपूर्णांक आले तेव्हापासून मला फळ्यावरचं काही कळत नव्हतं, आणि गुरुजी "कळलं का?" म्हणाले की सगळ्यांच्या आधी माझी मान हलायची. आठवीत गेले असते तर कधीतरी पकडली गेले असते. ओढ्याने मला वाचवलं, असंच मला पुष्कळ वर्षं वाटायचं.

लग्नानंतर आमच्या ह्यांना रेल्वेत नोकरी लागली ती थेट बनारसला. परभणीहून इथे यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ मला इथलं बोलणं कळायला लागला. आम्ही बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत खोली घेतली, कारण तिथे मराठी बोलणारी चार घरं आहेत असं कोणीतरी ह्यांना सांगितलं होतं. त्या चार घरांतलं एक बाईंचं. एकदा मी भाजीवाल्याशी हुज्जत घालताना हिंदी संपली म्हणून मराठीत बोलायला लागले, तर मागून आवाज आला, "कुठली गं तू?"

"परभणीची."

"परभणी, तो तुला गंडवत नाही. भिंडी इथे सच्ची महाग आहे. चल."

त्या दिवसापासून माझं नाव परभणी. माझं खरं नाव बाईंना माहीत होतं, पगाराच्या कागदावर त्या ते स्वच्छ अक्षरात लिहायच्या, पण हाक मारताना परभणी. त्यांनी मला आपल्या शाळेत कामाला ठेवलं आणि मुलांची मी मौसी झाले. घंटा, पाणी, झाडलोट, आणि लहान वर्गातल्या कोणी चड्डी ओली केली तर तेही. मला कामाचं काही वाटत नव्हतं. मला फक्त शाळेच्या इमारतीची भीती वाटायची. खडूचा वास आला की मी भराभर झाडून वर्गाबाहेर पळायची.

बाई दिसायला अगदी ठेंगण्या. सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, पायांत शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. गल्ल्यांत शेण आणि पाणी असतं, त्यावर ह्यासारखी पकड कशाची नाही, असं त्यांचं म्हणणं. घराणं कितीतरी पिढ्यांपासून काशीत. मराठी बोलायच्या ती अशी: "जरा रुक, मी खिडकी बंद करून येते. हवा फार तेज आहे." रागावताना मात्र शुद्ध मराठीत रागवायच्या, म्हणजे मुलांना कळू नये. आणि आकडेही मराठीतच मोजायच्या.

हे मोजणं मला बरेच दिवस जप वाटत होतं. बाई चौथीला गणित शिकवायच्या. प्रश्न विचारला की गप्प उभ्या राहायच्या आणि पदराखाली त्यांची बोटं हलायची. शाळेतल्या बाकीच्या बहनजी, म्हणजे शिक्षिका, त्यासुद्धा म्हणायच्या, की बडी बहनजी वर्गातही नाम घेतात. एक दिवस मी पाण्याचा माठ भरताना जवळ होते, तर ऐकू आलं: "...पाच, सहा, सात." मग त्यांनी एका मुलाचं नाव घेतलं.

मी धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "प्रश्न विचारल्यावर सातपर्यंत मोजायचं. त्याच्या आधी कोणाचं नाव घ्यायचं नाही. जो फट्कन हात वर करतो त्याला घेतलं, की बाकीचे पस्तीस जण विचार करणं बंद करतात. त्यांची छुट्टी झाली ना."

"आणि सातपर्यंत कोणाचाच हात नाही आला तर?"

"तर प्रश्न खराब. माझा. पुन्हा नीट विचारायचा."

आणखी एक गोष्ट त्यांची ठरलेली. एखादं मूल "नहीं आता" म्हणालं, तर त्या त्याला रागवायच्या नाहीत, बसही म्हणायच्या नाहीत. ते उभंच. दुसऱ्याला विचारायच्या, उत्तर आलं की पुन्हा पहिल्याकडे यायच्या: "अब तुम बताओ, अपने ढंग से." त्याने सांगितलं की मगच बसायचं. "रिकाम्या हाताने बसलेलं पोरगं उद्या पुन्हा रिकाम्या हातानेच उठतं," म्हणायच्या.

बंदीचा नियम कुठून आला, ते त्यांनीच मला सांगितलं. बाई दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत अशी एक गोष्ट शिकायला घ्यायच्या जी त्यांना अजिबात येत नाही. एका वर्षी शिवणयंत्र, एका वर्षी उर्दू लिपी, एका वर्षी सायकल, जी त्यांनी गल्लीतल्या एका गाईला धडकवली. साठी ओलांडल्यावर त्यांनी पोहणं काढलं. पंचगंगा घाटावरचा एक म्हातारा नाववाला त्यांना शिकवायचा. ट्रकच्या टायरची ट्यूब कमरेला, अंगावर जुना सलवार-कमीज, आणि पायऱ्यांवर बघायला निम्मा मोहल्ला.

नाववाला सगळं सांगायचा, हात असा मारा, श्वास असा सोडा, आणि शेवटी विचारायचा, "समझ गइलीं न, बहिनजी?"

"आणि मी हो म्हणायचे," बाई म्हणाल्या. "मला काही समजलं नव्हतं. पण म्हातारा इतक्या प्रेमाने विचारायचा, आणि वर इतके लोक बघत होते. चार दिवस हो म्हटलं. पाचव्या दिवशी त्याने ट्यूब काढून घेतली."

बाई दोन हात अंतरावर पायऱ्या असलेल्या पाण्यात बुडाल्या, नाववाल्याने वेणी धरून वर काढलं. वर येऊन खोकत खोकत त्या पहिलं वाक्य काय बोलल्या, तर, "भैया, मी झूठ बोलत होते." जून संपल्यावर शाळा उघडली त्या दिवशी बंदी जाहीर झाली.

दर वर्षी अशी फजिती ओढवून घ्यायची काय गरज, असं मी त्यांना एकदा विचारलं. "चाळीस साल एकच गणित शिकवलं की वाटायला लागतं, हे तर सोपं आहे," त्या म्हणाल्या. "न येणं कसं असतं ते विसरायला होतं. मग पोरांवर चिडचिड होते. वर्षातून एकदा नाकात पाणी गेलेलं चांगलं."

आता त्या सत्तरीला आल्या आहेत, रोज शाळेत येत नाहीत, आणि यंदा बासरी शिकतायत. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. कुत्री उठून जातात.

शनिवारी सुट्टीनंतर सगळ्या बहनजी एका खोलीत बसायच्या. मातीच्या कुल्हडातला चहा आणायचं काम माझं. बाईंची एक लाल पुठ्ठ्याची वही होती, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'फसलेलं' असं लिहिलेलं. आठवड्यात आपलं वर्गात काय फसलं ते बाई आधी वाचून दाखवायच्या, मग प्रत्येकीने आपापलं सांगायचं. चांगलं काय झालं ते सांगायला मनाई नव्हती, पण ते नंतर. सुरुवातीला सगळ्या खोटं खोटं फसलेलं सांगायच्या, खडू संपला, लाईट गेली. बाई लिहून घ्यायच्या आणि विचारायच्या, "अच्छा, आणि लाईट असती तर?" मग हळूहळू खरं बाहेर यायला लागलं. एक बहनजी, पंधरा वर्षं शिकवत होती, ती एकदा म्हणाली, की मला भागाकाराची पद्धत येते, पण तसं का करतात ते मलाच माहीत नाही. खोलीत कोणी हसलं नाही. पुढच्या शनिवारी भागाकारच झाला, सगळ्यांसाठी, शेंगदाणे घेऊन. मी चहाचा ट्रे हातात धरून दारात उभी राहिले आणि तो सगळा ऐकला. चहा थंड झाला म्हणून कोणी बोललं नाही.

आता रुमालाचं सांगते.

माझी आई गावाहून चिंच पाठवायची. चिंच निवडून झाल्यावर चिंचोके फेकायला निघाले होते, तर बाईंनी पिशवी हातातून घेतली. दोन दिवसांनी त्यांनी जुन्या धोतराचा एक पांढरा चौकोनी तुकडा आणला, त्यावर निळ्या दोऱ्याने घरं शिवलेली. वर्गात जितकी मुलं तितकी घरं, बाकांच्या ओळींप्रमाणे.

"तू मागे माठाजवळ स्टुलावर बसायचं," मला म्हणाल्या. "बहनजीने कोणाला नाव घेऊन विचारलं, आणि उत्तर द्यायला वेळ दिला, की त्याच्या घरात एक चिंचोका. सगळी पोरं एका सुरात ओरडली तर ते मोजायचं नाही."

"बाई, मी? मी सातवी."

"म्हणून तर. शिकलेल्या बायकांना बसवून बघितलं. त्या शिकवणं कसं आहे ते बघत बसतात. तू फक्त पोरं बघशील."

तास संपला की रुमाल मी टेबलावर ठेवायची. शिक्षिकेने एकटीने मिनिटभर बघायचा. मग चिंचोके गोळा करून डब्यात. लिहून ठेवायचं नाही, मार्क नाहीत, बाईसुद्धा बघायच्या नाहीत. त्या एका मिनिटात मी चेहरे बघितलेत. पुढच्या दोन बाकांवर ढीग आणि मागे कोरा कपडा. कितीही जुनी बहनजी असो, तोंड उघडं राहायचं.

सगळ्यांना हे आवडत होतं असं नाही. मिर्झापूरहून एक नवी बहनजी आली होती, तरुण, बी.एड.ला पहिली आलेली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "वाह. बी.एड. हमने किया, हाज़िरी मौसी लेंगी." नंतर रोज विचारायची, "मौसी, आज हम पास हुए?" मी हसायची. घरी येऊन मात्र ह्यांना सांगायची, की मला ह्यातून सुटायचंय. ते म्हणायचे, सोड मग. मी म्हणायची, सोडणार नाही. कारण त्या स्टुलावर बसलं की खडूच्या वासाने मला बाहेर पळावंसं वाटत नव्हतं. पहिल्यांदाच असं झालं होतं, की मी वर्गात बसले आहे आणि मला कोणी काही विचारणार नाही. आई फोनवर विचारायची, "तिकडं काय काम करतीस गं?" मी म्हणायची, "चिंचोके मोजते." आई म्हणायची, "बरंय. मोज."

बाईंचा स्वतःचा रुमाल मात्र गुप्त नसायचा. शुक्रवारचा त्यांचा तास मोजला, की रुमाल तसाच स्टीलच्या ताटात उचलायचा, चिंचोके न हलवता कपाटात ठेवायचा, आणि शनिवारी सगळ्यांच्या मधोमध मांडायचा. बाईंचा नियम. "दुसऱ्या बहनजीचा रुमाल तिचा, माझा सगळ्यांचा," म्हणायच्या.

आणि इथे मी माती खाल्ली.

एका शुक्रवारी तास संपल्यावर मी रुमाल बघितला, तर खिडकीकडच्या ओळीत सहापैकी चार घरं कोरी. बाईंच्या रुमालात. मला आधी वाटलं माझंच मोजायचं राहिलं. मग वाटलं, उद्या ती मिर्झापूरवाली बघेल आणि हसेल. ज्या बाईंनी मला ह्या परक्या गावात हाक मारली, ताठ बसायला स्टूल दिलं, त्यांच्याकडे बघून हसेल. मी डब्यातून चिंचोके घेतले आणि त्या चार घरांत टाकले. दोन घरांत एकेक, एकात दोन. खिडकीखाली बसणाऱ्या मुलीच्या घरात तीन. त्या नाववाल्याचीच नात ती. बाई बोलायच्या तेव्हा ती इतकी लक्ष देऊन मान हलवायची, की तिला तीन द्यावेत असंच वाटलं.

शनिवारी बाई रुमाल बघून म्हणाल्या, "ठीक आहे. खिडकीकडे जरा कमी आहे." नवी बहनजी चहा पीत राहिली. मला वाटलं, मी देवाचं काम केलं.

पुढच्या शुक्रवारी तेच झालं. आणि त्याच्या पुढच्याही.

शाळा सुटताना बाई दारात उभ्या राहायच्या. प्रत्येक मुलाने एका छोट्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि मग बाहेर. ज्याला आलं नाही त्याने बाजूला थांबायचं, बाकीचे गेले की त्याच्याबरोबर दोन मिनिटं बसायच्या. गल्लीत आईबाप ताटकळत, मधे एखादा सांड उभा, कोणी ओरडतंय, बाईंना त्याचं काही नाही. त्या सोमवारी प्रश्न होता, एका रोटीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा. नाववाल्याची नात आली आणि म्हणाली, "चौथा."

"का?"

"चार बड़ा है न, बहनजी."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "बेटा, शुक्रवार को तो मैंने तुमसे तीन दफ़ा पूछा था."

मुलगी घाबरली नाही. तिला खरंच आश्चर्य वाटलं. "हमसे? हमसे तो आप पूछबे नहीं करतीं."

बाईंची बोटं पदराखाली हलली. मी घंटेची दोरी धरून उभी होते आणि मीही त्यांच्याबरोबर मोजत होते. सातला त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मुलगी गेल्यावर त्या बाकावर बसल्या. "परभणी. किती दिवस?"

"तीन शुक्रवार, बाई."

"का?"

"त्या हसल्या असत्या."

"कोण? मिर्झापूर? हसू दे ना. हसण्याने मी मरते काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. त्या उठल्या आणि फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, रोज उभ्या राहतात तशा. खिडकीकडे बघितलं आणि डोळे बारीक केले. दुपारचं ऊन समोरच्या घराच्या पत्र्यावरून उसळून त्या खिडकीतून सरळ फळ्यावर येत होतं. मग मला बोलावलं, तिथे उभं केलं. मला त्या ओळीतली एकही जागा दिसेना, नुसता उजेड.

"चाळीस साल," त्या म्हणाल्या. "मी तिकडे बघतच नाही. पहिल्या शुक्रवारी पता लागलं असतं."

बस, एवढंच. मला वाटलं होतं त्या मराठीत रागावतील. त्या दिवशी त्या कुठल्याच भाषेत रागावल्या नाहीत.

पाच दिवस मी झोपले की नाही मला आठवत नाही. नोकरी जाईल ह्याची भीती नव्हती, झाडायला माणूस लागतंच. भीती ही, की स्टूल जाणार. मी पुन्हा व्हरांड्यात, वर्गाच्या बाहेर.

शनिवारी बाईंनी लाल वही उघडली आणि वाचलं. तीन आठवडे खिडकीकडच्या मुलांना त्यांनी विचारलेलं नाही. कारण ऊन. त्यातली चार मुलं अपूर्णांकात मागे आहेत. उपाय, खिडकीला निळा पडदा, आणि पुढच्या महिन्यापासून दर सोमवारी मुलांच्या जागा बदलायच्या. मग वही मिटून त्या म्हणाल्या, "रुमालही खोटा होता. त्यात मी स्वतःला चांगली दिसत होते."

नवी बहनजी चटकन बोलली. "हम तो पहले दिन से कह रहे थे. मौसी को बैठाइएगा तो यही होगा."

"मौसीची गलती नाही," बाई म्हणाल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की त्या मराठीत बोलतायत, आणि त्यांनी हिंदीत पुन्हा सांगितलं. "जिला मी मोजायला बसवलं तिला माझं भलं व्हावंसं वाटतं, आणि माझी भीती वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटलं की माणूस खरं सांगत नाही. ते मी बघायला हवं होतं. हे फसलेलं माझं." आणि त्यांनी ते वहीत लिहिलं. थोड्या वेळाने मिर्झापूरवाली जरा खालच्या आवाजात म्हणाली, "खिड़की वाली लाइन में... हमारा भी ख़ाली रहता है. मौसी ने तीन बार दिखाया. हमने सोचा इत्तफ़ाक़ है." माझ्याकडे बघून नाही बोलली, पण बोलली.

सगळ्या गेल्यावर मी धुऊन घडी केलेला रुमाल आणि चिंचोक्यांचा डबा बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"मी नको आता. दुसरं कोणी बघा."

"कोण? आणि तिला माझी भीती वाटणार नाही ह्याची गारंटी काय?" त्यांनी डबा उघडून चिंचोके हाताने चाळवले. "ह्याच्यावर इलाज एकच आहे. बुधवारपासून शेवटची दहा मिनिटं तू शिकव. मी मोजते. ती खिडकीकडची चार आणि आणखी चार."

"काय शिकवू?"

"अपूर्णांक."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मग मी ते सांगितलं, जे आईला, ह्यांना, कोणालाच सांगितलं नव्हतं. ओढ्याचं. मान हलवायचं. सातवीपर्यंत हो म्हणत गेल्याचं.

बाईंनी ऐकून घेतलं. मधे एकदाही 'असू दे' म्हणाल्या नाहीत. "मग तूच," त्या म्हणाल्या. "ज्याला सहज आलं त्याला अडायची जागा दिसत नाही. तुला ती जागा पाठ आहे."

दोन दिवस शाळा सुटल्यावर त्यांनी मला बसवलं. कागदाच्या पट्ट्या घेऊन आल्या होत्या, पण माझ्या डोक्यात उजेड पडला तो रोटीने. एक रोटी तिघांत वाटली की जास्त येते, चौघांत वाटली की कमी. हे मला लहानपणापासून पोटाने माहीत होतं. आम्ही पाच भावंडं. फळ्यावरचा आकडा म्हणजे तेच, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी हो म्हटलं असेल.

मंगळवारी त्यांनी खिडकीला पडदा लावून घेतला. बुधवारी मी फळ्यापाशी उभी राहिले. खडू दोनदा मोडला. समोर आठ मुलं, आणि शेवटच्या बाकावर बाई, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, पांढरे बूट जुळवून ठेवलेले, मांडीवर रुमाल. मी रोट्या काढल्या. नाव घेऊन विचारलं. सातपर्यंत मोजलं, जोरात मोजलं गेलं म्हणून मुलं हसली. एकदा 'समझ' एवढं तोंडातून निघालं आणि मी स्वतःच टाळी वाजवली. दहा मिनिटं संपली तेव्हा माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं आणि मला वाटत होतं, अजून दहा मिनिटं दिली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी रुमाल टेबलावर पसरला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. माझं एक मिनिट. आठ घरं, आठही भरलेली. एकातही एकापेक्षा कमी नाही. मला इतका आनंद झाला, की बाजूचं नववं घर दिसायला वेळ लागला. पेन्सिलीने काढलेलं. कोरं.

"बाई, हे कोणाचं?"

"माझं. दहा मिनिटं मी वर्गात बसले होते. मला का नाही विचारलंस?"

"तुम्हाला कसं विचारणार?"

"तोंडाने."

"पण तुम्हाला तर येतं ना, बाई."

त्या वळल्या. "मलाही तसंच वाटलं होतं. त्या पोरीबद्दल. येता-जाता इतकी छान मान हलवते, हिला येतच असेल."

गुरुवारी मी नेसलेल्या साडीचा पदर आधी नीट खोचून घेतला. मुलांना सांगितलं, आज सगळ्यांना विचारणार, जो जो बाकावर बसलाय त्याला. मग प्रश्न सांगितला. एका रोटीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा, आणि का. गप्प उभी राहिले. पदराखाली बोटं मोजत होती आणि या वेळी आवाज बाहेर आला नाही. सातला मी शेवटच्या बाकाकडे बघितलं.

"आप बताइए."

मुलं वळून बघायला लागली. बाई उठल्या. त्या बाकातून उठायला त्यांना त्रास झाला, पण कोणाचा हात घेतला नाही. अख्ख्या मोहल्ल्याच्या बडी बहनजी, पदर दोन्ही हातांत धरून, खाली बघून म्हणाल्या, "नहीं आता, बहनजी."

मला कोणी बहनजी म्हणालं नव्हतं. मला वाटलं आता मी रडेन, मग आठवलं, त्या उभ्या आहेत. त्यांना तसं बसू द्यायचं नाही.

मी खिडकीकडे वळले. नाववाल्याच्या नातीचं नाव घेतलं. ती उभी राहिली, मान न हलवता, आणि म्हणाली, "तीसरा. तीन जन खाएँगे तो जादा मिली, चार जन में कम."

"शाबास." मी पुन्हा मागे बघितलं. "अब आप. अपने ढंग से."

बाईंनी वेळ घेतला. मी मोजत राहिले, सातच्या पुढे गेले तरी त्यांना घाई केली नाही. मग त्या म्हणाल्या, "तीसरा बड़ा. घर में जितने कम लोग, रोटी उतनी बड़ी."

"बैठिए," मी म्हटलं.

त्या बसल्या. मी बाकापाशी गेले, त्यांच्या मांडीवरच्या डब्यातून एक चिंचोका उचलला, आणि नवव्या घरात ठेवला.